जड तारे आणि भोवतालचा वायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग नक्षत्रातील तेजोमेघ दुर्बिणीतून दाखवला की 'हे धुके कशाचे?' हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर दिले की त्यातून आणखी दहा प्रश्न निघतात. गेल्या काही हिवाळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे शक्यतो त्याच तेजोमेघातील घेतली आहेत. तो सुमारे 1,350 प्रकाशवर्षांवर आहे आणि जड तारे जिथे जन्मतात अशा प्रदेशांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासला गेलेला आहे. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. जूनमध्ये आपण 'मृग लागला' म्हणतो तेव्हा सूर्य आकाशाच्या त्या भागात असतो, त्यामुळे त्या दिवसांत मृग दिसत नाही. तो संध्याकाळी पाहायचा तर डिसेंबर ते मार्च हा काळ धरावा.

1. 'जड तारा' म्हणजे नेमका किती मोठा?

येथे 'मोठा' हा शब्द आकारासाठी नसून वस्तुमानासाठी आहे. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाचा तारा जड मानतात, कारण त्या मर्यादेपलीकडे ताऱ्याचा गाभा अखेरीस स्वतःच्या भाराखाली कोसळतो. आकार आणि वस्तुमान यांची गल्लत फार होते. रोहिणी हा तारा व्यासाने सूर्याच्या चाळीसपटीहून मोठा आहे, पण त्याचे वस्तुमान सूर्यापेक्षा किंचितच जास्त आहे. तो फुगलेला आहे, जड नाही. उलट मृगातील तेजोमेघ उजळणारा मुख्य तारा थीटा-1 ओरायनिस सी (पुढे त्याला थोडक्यात 'थीटा-सी' म्हटले आहे) व्यासाने सूर्याच्या जेमतेम दहापट, पण वस्तुमानाने तीसपटीहून अधिक आहे.

असे तारे शंभरात एकही भरत नाहीत. त्यांचे आयुष्यही तोकडे असते. सूर्य एकूण सुमारे 1,000 कोटी वर्षे जळेल, तर थीटा-सीसारख्या ताऱ्याला 50 लाख वर्षांच्या आसपासच मिळतात. तरीही ज्या मेघात असे दोन-तीन तारे जन्मतात, त्या मेघाचे पुढे काय होणार हे तेच ठरवतात.

2. अवकाश ही तर पोकळी. मग हा वायू आला कुठून आणि तो असतो तरी किती?

ताऱ्यांमधील जागा पूर्ण रिकामी नसते. आकाशगंगेच्या चकतीत सरासरी दर घन सेंटिमीटरला सुमारे एक अणू सापडतो. ज्या थंड रेणुमेघांत तारे जन्मतात तेथे ही संख्या शेकड्यांपासून लाखांपर्यंत जाते, आणि मृगातील तेजोमेघाच्या मध्यभागी ती दहा हजारांच्या घरात आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत एवढ्याच जागेत सुमारे 25 वर 18 शून्ये इतके रेणू असतात. म्हणजे दुर्बिणीत दाट दिसणारे ते धुके प्रयोगशाळेतील उत्तम निर्वात नळीपेक्षाही विरळ आहे. ते दिसते याचे कारण त्याची खोली कित्येक प्रकाशवर्षांची आहे.

या वायूत मुख्यतः हायड्रोजन, त्याखालोखाल हीलियम आणि अगदी थोडी बाकीची मूलद्रव्ये असतात. सोबत कार्बन आणि सिलिकेटची बारीक धूळ असते. वस्तुमानाने ती वायूच्या सुमारे शंभराव्या भागाइतकीच असली, तरी प्रकाश अडवण्यात तिचा वाटा फार मोठा असतो.

3. ताऱ्याचा प्रकाश वायूचे नेमके काय करतो? नुसता उजळतो की आणखी काही?

उजळणे हा दुय्यम परिणाम आहे. खरा परिणाम तापण्याचा आहे आणि बाकीचे सारे त्यातून घडते.

थीटा-सीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 39,000 केल्विन आहे, सूर्याचे 5,800. इतक्या तप्त ताऱ्याचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. ज्या किरणांची तरंगलांबी 91.2 नॅनोमीटरपेक्षा कमी असते, ते हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढू शकतात. इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी लागते त्याहून उरलेली ऊर्जा तो स्वतःच्या वेगात घेऊन जातो, आजूबाजूच्या कणांना धडकतो आणि वायू तापतो. उणे 250 अंश सेल्सिअसच्या आसपास असलेला वायू अशा प्रकारे 8,000 ते 10,000 अंशांपर्यंत पोहोचतो. तो त्याहून फारसा तापत नाही, कारण ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) उष्णता प्रकाशरूपाने बाहेर टाकत राहतात.

आता दाबाचा विचार करू. तापमान शेकडो पटींनी वाढले, आणि एका रेणूचे दोन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन झाल्यामुळे कणांची संख्याही वाढली. त्यामुळे तापलेल्या भागाचा दाब बाजूच्या थंड मेघाच्या कितीतरी पट होतो आणि तो भाग सेकंदाला सुमारे 10 किलोमीटर वेगाने पसरू लागतो. बहुतेक रेणुमेघांच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला सेकंदाला काही किलोमीटर वेग पुरतो. म्हणजे एकदा आयनित झालेला वायू मेघाच्या हाती राहत नाही. तारा आपला पाळणा मोडतो तो मुख्यतः याच मार्गाने, कोणत्याही स्फोटाची वाट न पाहता.

4. छायाचित्रात तेजोमेघ लाल-गुलाबी दिसतो, मग आम्हाला दुर्बिणीतून राखाडी-हिरवट का दिसला? फोटो खोटे असतात का?

फोटो खोटे नसतात. सुटा इलेक्ट्रॉन प्रोटॉनला पुन्हा भेटून पायरी-पायरीने खाली उतरतो तेव्हा 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो, आणि कॅमेरा तो मिनिटोन्‌मिनिटे साठवतो. अंधाराला सरावलेला डोळा मात्र लाल रंगाला जवळजवळ आंधळा असतो आणि हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे आपल्याला 500.7 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश तेवढा जाणवतो. सहा इंची दुर्बीण असेल, तर एकटक न पाहता नजर किंचित बाजूला नेऊन पाहावे. मधल्या चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन म्हणजे ट्रॅपेझियम टाचणीच्या टोकांसारखा लख्ख दिसतो आणि त्याभोवती फिकट शेवाळी छटेचा पंखा पसरलेला दिसतो. थीटा-सी हा त्या चौघांतील सर्वांत तेजस्वी.

या हिरव्या रेषेने एके काळी शास्त्रज्ञांना चकवले होते. पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळत नसल्यामुळे 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा आहे, हे आयरा बोवेन यांनी 1927 मध्ये दाखवून दिले. ती पृथ्वीवर सहज दिसत नाही, कारण येथील दाट वायूत असा आयन प्रकाश टाकण्याआधीच दुसऱ्या कणावर आदळतो.

5. इतका प्रखर तारा असूनही सगळा मेघ का तापत नाही?

कारण किरण खर्ची पडतात. आयनित झालेले अणू सतत पुन्हा जुळत असतात आणि त्यांना पुन्हा फोडण्यासाठी ताऱ्याला नवे किरण द्यावे लागतात. तारा सेकंदाला जितके समर्थ किरण सोडतो तितकेच अणू सेकंदाला जुळू लागले की पुढे सरकायला किरण उरत नाहीत आणि तेथे आयनित प्रदेशाची सीमा ठरते. हा हिशेब डॅनिश शास्त्रज्ञ बेंग्ट स्ट्रॉमग्रेन यांनी 1939 मध्ये मांडला. सीमा आश्चर्य वाटावे इतकी रेखीव असते, कारण तटस्थ हायड्रोजन हे किरण फार थोड्या अंतरात गिळून टाकतो.

स्ट्रॉमग्रेन यांच्या हिशेबात हा प्रदेश गोल येतो. प्रत्यक्षात गोल क्वचितच असतो. मृगातील तेजोमेघ तर एका प्रचंड रेणुमेघाच्या आपल्याकडील पृष्ठभागावर उठून फुटलेल्या फोडासारखा आहे. मागच्या बाजूला दाट, थंड मेघाची भिंत आहे, तर पुढच्या बाजूला वायूला वाट मिळाल्याने तो आपल्या दिशेने बाहेर वाहतो. आपण त्या फोडात समोरून डोकावतो आहोत, म्हणूनच हा तेजोमेघ इतका देखणा दिसतो. तो मेघाच्या पलीकडच्या अंगाला असता, तर धुळीमुळे आपल्याला काहीच दिसले नसते.

6. धुळीमुळे दिसत नाही, तर मग आतले कळते कसे?

रेडिओ आणि अवरक्त लहरी धुळीतून पार होतात. तप्त वायूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतात आणि रेडिओ लहरी सोडतात. तटस्थ हायड्रोजन 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर ओळख देतो, तर थंड रेणूरूप हायड्रोजन स्वतः जवळजवळ मुका असल्यामुळे त्याच्यासोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवरून त्याचा अंदाज बांधतात. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या यांपैकी पहिल्या दोन कामांसाठी उपयोगी पडतात. कार्बन मोनॉक्साइडच्या लहरी मात्र मिलिमीटरच्या टप्प्यातल्या असल्याने त्यासाठी वेगळ्या दुर्बिणी लागतात.

7. 'तारकीय वारे' म्हणजे काय? ते खरोखर वायू ढकलतात का?

जड ताऱ्याचा प्रकाश इतका प्रखर असतो की तो ताऱ्याच्या बाह्य थरांतील कणांनाच ढकलून बाहेर घालवतो. या प्रवाहाचा वेग सेकंदाला 1,000 ते 3,000 किलोमीटर असतो. सौर वारेही असतात, पण थीटा-सी दर वर्षी जितके द्रव्य उधळतो ते सूर्याच्या कोटीपटीहून अधिक आहे.

ते ढकलतात का, यावर बरीच वर्षे वाद होता. वाऱ्याने तापलेला वायू मेघाच्या फटींतून गळून जातो आणि ऊर्जा वाया जाते, असे अनेकांचे मत होते. मृगात मात्र पुरावा सापडला. विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीने आयनित कार्बनच्या 158 मायक्रोमीटर रेषेत या तेजोमेघाचा नकाशा तयार केला आणि 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे 13 प्रकाशवर्षे रुंदीचा बुडबुडा आढळला. त्याच्या कवचात सुमारे 1,500 सूर्यांइतके द्रव्य असून ते सेकंदाला 13 किलोमीटर वेगाने फुगत आहे. बुडबुड्याच्या पोटात सुमारे 20 लाख अंशांचा, क्ष-किरण सोडणारा वायू असल्याचे त्याआधीच दिसले होते. एवढे सारे मुख्यतः एका ताऱ्याच्या वाऱ्याने सुमारे दोन लाख वर्षांत केले आहे.

8. मग सर्वांत प्रभावी काय : प्रकाश, वारे की शेवटचा स्फोट?

बहुतेकांचे उत्तर 'स्फोट' असते आणि प्रश्नकर्त्यांपैकी काहींना वेगळे उत्तर ऐकून जरा निराशाही होते. आधी ऊर्जेचा ढोबळ हिशेब पाहू. सुपरनोव्हाच्या, म्हणजे जड ताऱ्याच्या या शेवटच्या स्फोटात बाहेर फेकलेल्या द्रव्याची गतिज ऊर्जा सुमारे 1 वर 44 शून्ये इतकी जूल असते. थीटा-सीसारखा तारा आयुष्यभर प्रकाशरूपाने जी ऊर्जा सोडतो ती याच्या शंभरपटीच्या आसपास जाते. त्याच्या वाऱ्यांची ऊर्जा स्फोटाच्या दहाव्या हिश्श्यापासून फार तर बरोबरीपर्यंत भरते.

पण नुसत्या ऊर्जेवर निकाल लागत नाही. ती किती प्रमाणात गतीत उतरते आणि कधी मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे. प्रकाशाचा बहुतांश भाग धुळीला तापवून अवरक्त रूपात निघून जातो. वायूच्या हालचालीत उतरणारा वाटा अगदी थोडा असतो. स्फोटाची ऊर्जा कार्यक्षम असते, पण ती उशिरा येते. सर्वांत जड तारासुद्धा फुटेपर्यंत तीसेक लाख वर्षे जातात, आणि तोवर प्रकाशाने व वाऱ्यांनी जन्ममेघ बराचसा विखुरलेला असतो. म्हणून माझ्या मते जन्ममेघ मोडण्याचे श्रेय प्रकाशाला द्यावे, आणि त्यापलीकडे शेकडो प्रकाशवर्षांचा आसमंत घुसळण्याचे श्रेय स्फोटाला. आधीच मोकळ्या झालेल्या जागेत स्फोटाची लाट दूरवर जाते, दाट मेघात तीच लाट लवकर थंड पडते.

9. जड तारे नवे तारे जन्माला घालतात असेही वाचले आणि त्यांचा जन्म रोखतात असेही. खरे काय?

दोन्ही खरे, पण समसमान नाही. फुगणारा आयनित प्रदेश पुढचा वायू गोळा करत जातो आणि ते कवच पुरेसे दाट झाले की कोसळून त्यात तारे घडू शकतात. ही कल्पना ब्रूस एल्मेग्रीन आणि चार्ल्स लाडा यांनी 1977 मध्ये मांडली. मेघात आधीच असलेली दाट गाठ बाहेरच्या दाबाने चेपली जाऊनही तारा जन्मू शकतो. अडचण अशी की, कवचाच्या कडेला तरुण तारा दिसला म्हणून तो दाबामुळेच जन्मला असे ठरत नाही. तो एरवीही तेथे जन्मला असता आणि भोवतालचा वायू निघून गेल्यामुळे आता फक्त उघडा पडला असेल.

संपूर्ण आकाशगंगेचा जमाखर्च मांडला, तर रोखण्याचे पारडे जड दिसते. आकाशगंगेतील रेणुमेघांचे द्रव्य निव्वळ गुरुत्वाकर्षणाने कोसळत असते, तर वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे बनले असते. प्रत्यक्षात एक ते दोन सूर्यांइतकेच बनतात. या फरकात मेघांतील खळबळ आणि चुंबकीय क्षेत्रे यांचाही हात आहे, पण ती खळबळ टिकवण्यातही जड ताऱ्यांचा वाटा असतो.

10. गरुड तेजोमेघातील 'सृजनाचे स्तंभ' आधीच नष्ट झाले आहेत, हे खरे का?

हबल दुर्बिणीच्या 1995 मधील छायाचित्राने प्रसिद्ध झालेले हे स्तंभ म्हणजे वरच्या जड ताऱ्यांच्या प्रकाशात विरघळत चाललेल्या मेघाचे शिल्लक अवशेष होत. स्तंभाच्या टोकाशी असलेली दाट गाठ आपल्या सावलीतील वायू वाचवते, म्हणून तो आकार येतो. एका सुपरनोव्हाची लाट त्यांच्यावर आदळून ते सहा हजार वर्षांपूर्वीच नष्ट झाले असावेत, असा अंदाज 2007 मध्ये मांडला गेला. त्याचा आधार असलेल्या तप्त धुळीला इतरही कारणे असू शकतात आणि आज हे मत फारसे स्वीकारले जात नाही. चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून 2015 मध्ये निघालेला हिशेब असा : स्तंभांत सुमारे 200 सूर्यांइतके द्रव्य आहे आणि दर दहा लाख वर्षांना सुमारे 70 सूर्यांइतके उडून जात आहे. म्हणजे त्यांना अजून तीसेक लाख वर्षे आहेत.

11. शेजारी जड तारा असेल तर लहान ताऱ्यांभोवती ग्रह बनू शकतात का?

बनू शकतात, पण घाई करावी लागते. मृगातील तेजोमेघात हबलने लहान ताऱ्यांभोवतीच्या, ज्यांतून ग्रह घडतात अशा वायू-धुळीच्या शंभराहून अधिक तबकड्या टिपल्या. त्यांपैकी अनेकींना थीटा-सीच्या उलट दिशेला धूमकेतूसारखी शेपटी आहे, कारण ताऱ्याकडील बाजूने त्यांचा वायू तापून उडतो आहे. जेम्स वेब दुर्बिणीने अभ्यासलेली डी203-506 ही तबकडी इतक्या वेगाने वायू गमावते आहे की तो दहा लाख वर्षांच्या आत संपेल. गुरूसारखा वायूचा ग्रह घडवायला तेथे वेळ पुरणे कठीण. दगडी ग्रहांना मात्र या वायूची तेवढी गरज नसते.

12. मृगातील काक्षी (बेटेलज्यूज) हा तर जड तारा आहे. त्याच्याभोवती तेजोमेघ का नाही? आणि कृत्तिकांभोवती निळे धुके कसे?

हे दोन अपवाद एकत्र पाहण्यासारखे आहेत. काक्षी वस्तुमानाने जड आहे, पण आता म्हातारपणी फुगून त्याचा पृष्ठभाग सुमारे 3,500 केल्विनपर्यंत थंडावला आहे. प्रश्न 3 मध्ये सांगितलेले अतिनील किरण तो जवळजवळ सोडतच नाही. त्याचे वारेही संथ आणि धुळीने भरलेले आहेत. 2019 च्या अखेरीस तो मंदावला तेव्हा त्याने बाहेर टाकलेल्या अशाच धुळीचा त्यात हात होता. जड असणे पुरेसे नाही, तप्तही असावे लागते.

कृत्तिकांतील ठळक तारे तप्त आहेत, पण पुरेसे नाहीत. त्यांच्याभोवतीचा वायू आयनित होऊन चमकत नाही. धूळ ताऱ्यांचा प्रकाश नुसता विखुरते, म्हणून धुके निळे दिसते. शिवाय तो त्यांचा जन्ममेघही नव्हे. सुमारे दहा कोटी वर्षांच्या या ताऱ्यांचा जन्ममेघ केव्हाच विखुरला. सध्या ते वाटेत आलेल्या दुसऱ्याच मेघातून जात आहेत.

13. स्फोट न होता जड तारे वायू उधळू शकतात का?

हो. ट्रॅपेझियमच्या मागे मेघात दडलेल्या क्लाइनमन-लो प्रदेशात वायूचे फवारे बोटांसारखे सर्व दिशांना फाकलेले दिसतात. त्यांचे वेग मागे मोजत नेले की ते सुमारे 500 वर्षांपूर्वी एकाच ठिकाणी मिळतात, आणि तेथून काही तरुण ताऱ्यांनीही वेगवेगळ्या दिशांना पळ काढल्याचे दिसते. जन्मत असलेले जड तारे एकमेकांच्या फार जवळ आले आणि गुरुत्वाकर्षणाच्या झटापटीत फेकले गेले, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. (500 वर्षे हा आपल्याला दिसणाऱ्या दृश्याचा हिशेब, प्रकाशाच्या प्रवासाची 1,350 वर्षे वेगळी.)

14. या सगळ्याचा आपल्या सूर्याशी काही संबंध आहे का?

सूर्य सध्या सुमारे 1,000 प्रकाशवर्षे रुंदीच्या एका विरळ, तप्त पोकळीत आहे. सुमारे 1.4 कोटी वर्षांपासून झालेल्या पंधराएक सुपरनोव्हांनी ती पोखरली, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. सूर्य तेथे जन्मला नाही. तो नंतर आत शिरला. जवळच्या स्फोटांची खूण समुद्रतळावरही सापडते. सुमारे 20 ते 30 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत लोह-60 हे किरणोत्सारी समस्थानिक आढळते, ज्याचे अर्धायुष्य सुमारे 26 लाख वर्षे आहे. पृथ्वीच्या जन्मापासूनचे असते तर ते कधीच संपले असते.

15. तारा आपला मेघ सोडून निघून गेला तर?

मेघ विझतो. कण पुन्हा जुळतात, आणि दाट भागात त्यासाठी दहा-वीस वर्षेही पुरतात. ताऱ्याची गोष्ट मात्र पुढे चालू राहते. एई ऑरिगी हा तप्त तारा सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी मृगाच्या परिसरातून फेकला गेला. त्याच वेळी म्यू कोलंबी हा दुसरा तारा जवळजवळ विरुद्ध दिशेला उडाला, हे ब्लाऊ आणि मॉर्गन यांनी 1954 मध्ये दाखवले. आज एई ऑरिगी सारथी तारकासमूहात आहे आणि आयसी 405 हा तेजोमेघ उजळतो आहे. त्या मेघाशी त्याचे जन्माचे काहीही नाते नाही; तो सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने त्यातून फक्त जातो आहे, आणि पुढे गेला की तो मेघ पुन्हा अंधारात जाईल.